दोनशे ऐंशी किलोमीटर

फॉर्मच्या तीन प्रती असतात.
एक नागपूरला सही होऊन तिथेच राहते,
एक कोल्हापूरला जाऊन सही मागते,
मधली गुलाबी, ती माझी.
‘बालक ताब्यात घेतले.’ वेळ, नाव.
मी लिहायची : अकरा दहा. जेसिंटा.
सामान : एक दप्तर, एक डबा.
हलणाऱ्या दाताला रकाना नव्हता.

सम्यक खोब्रागडे, वय नऊ,
महिन्यातून दोनदा माझ्या ताब्यात,
तीन तास दहा मिनिटं.
कोर्टाच्या कागदावर आईचे दिवस होते,
बाबांचे होते, दिवाळीसुद्धा वाटून दिली होती.
हे तीन तास कुणी मागितलेच नव्हते.

त्याची मुंबई म्हणजे चौदा नंबरच्या खांबापाशी
तीन खुर्च्या, मधली डुगडुगणारी.
समुद्र त्याने विमान वळताना पाहिलेला, तिरका.
‘तो सरळ कधी असतो?’ त्याने विचारलं होतं.

उतरल्या उतरल्या आईला फोन :
‘पोचलो ना वं. खाऊन राहिलो.’
मग बराच वेळ काहीच नाही.
मग गेटकडे निघताना बाबांना :
‘यायलोय की. व्हय, जेवलोय.’
मधल्या वेळात जीभ कुठे ठेवायचा कोण जाणे.
मी आमची मरोळची बोली पुढे केली
तर ती तिसरीच निघाली,
तेवढं मात्र हसला.

एकदा तपासणीत त्याचं कर्कटक गेलं.
टोक आहे, म्हणाले.
रडला नाही. भूगोलाचा नकाशा मांडीवर पसरून
बोर्डिंग पासची कड लावली, पेन्सिलने खुणा केल्या.
नागपूर ते मुंबई सहाशे नव्वद, दीड तास.
मुंबई ते कोल्हापूर तीनशे, एक तास.
आणि नागपूर ते कोल्हापूर एकदम सरळ,
बार्शीच्या जरा उजवीकडून, सातशे दहा.
बेरीज. वजाबाकी. बोटांवर पुन्हा एकदा.
‘मॅडम, दोनशे ऐंशी किलोमीटर तुमच्यामुळे जास्त.’

सॉरी म्हटलं.
माझं घर इथून तीन किलोमीटर,
संध्याकाळी रिक्षाला पन्नास मिनिटं लागतात.
अंतराचं नि वेळेचं आपसात पटत नाही रे,
असं सांगणार होते,
पण ‘पटत नाही’ हे त्याच्यापुढे
तोंडातून निघेना.

मग तो फेब्रुवारीतला दिवस.
कोल्हापूरचं विमान आधी चाळीस मिनिटं उशिरा,
मग दोन तास, मग बोर्डावर नुसती रेघ.
चिक्की खाताना दात पडला.
टिश्यूत गुंडाळून मुठीत धरून बसला.
‘कौलावर टाकायचा असतो ना?
नागपूरला स्लॅब आहे. बाबा चौथ्या मजल्यावर.’
आमच्या गावठाणात अजून कौलं आहेत म्हटलं.
त्याने बराच विचार केला.
मग पुडी माझ्या हातात दिली
आणि म्हणाला, सही करा.
मी गुलाबी प्रतीच्या मागे लिहिलं :
दात, एक. मिळाला. जेसिंटा.

त्या रात्री स्टुलावर चढून फेकला.
भाऊ विचारत होता, काय गं, मांजर आहे का वर?

ऑक्टोबरच्या वेळापत्रकात थेट विमान आलं.
नागपूर ते कोल्हापूर, दीड तास.
चांगलंच झालं की.
आता बोली तो हवेतच बदलत असेल,
बार्शीच्या उजवीकडे कुठेतरी.
खांबापाशी परवा नवीन खुर्च्या बसवल्या,
एकही डुगडुगत नाही.

काल कौलं चाळायला माणूस आला.
वरून ओरडला, बाई, कचरा बराच आहे, सगळा काढू?
डोक्यावरून एक विमान उतरत होतं,
ते जाईपर्यंत थांबले.
मग म्हटलं, काढ.
पन्हळीजवळची तिसरी ओळ तेवढी राहू दे.